पंच क्रमांक दोन

"नोटीस निघाली," खिडकीतला माणूस म्हणाला.

मला आधी काही कळलंच नाही. मी म्हटलं, "कसली नोटीस? मी तर जुन्या खटल्याच्या कागदांची नक्कल मागितली होती."

"तुमच्याच अर्जावर निघालीय. हे बघा." त्याने अर्ज फिरवून माझ्याकडे केला. सोमवारी मी दिलेला तोच कागद. कोपऱ्यात मीच चिकटवलेलं कोर्ट फीचं तिकीट, आणि समासात लाल शाईच्या दोन ओळी. "साहेबांचा हुकूम आहे. आरोपीला नोटीस काढा, त्याचं म्हणणं घ्या, मग नक्कल द्यायची की नाही ते बघू. पुढच्या बुधवारची तारीख दिलीय."

"आरोपी म्हणजे?"

"ज्यांच्यावर खटला चालला होता ते. मुरलीधर विश्वनाथ अवसरे." त्याने चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "का हो? मयत आहेत का?"

मयत नव्हते. तो माझ्या धाकट्या बहिणीचा नवरा होता. लग्नाला तीन महिने झाले होते.

खिडकीतल्या माणसाचं नाव शेटे. जिल्ह्याच्या कोर्टात नकलांचं काम त्यांच्याकडे असे. जुन्या गठ्ठ्यांची धूळ नाकात जाऊ नये म्हणून तोंडाला रुमाल बांधून बसत आणि बोलायच्या वेळी तो हनुवटीवर ओढत. मी त्या खिडकीचा गज धरून उभी होते.

"मला नको नक्कल," मी म्हटलं. "अर्ज मागे घेते. ती नोटीस थांबवा."

"अर्ज मागे घ्या की, त्याला कुणाची ना नाही. पण नोटीस मंगळवारीच त्यांच्या पोलीस स्टेशनला रवाना झाली. आज गुरुवार. आत्तापर्यंत हातात पडली असेल."

"त्यात माझं नाव असतं?"

"अर्जाची प्रत सोबत जाते ना. नाव, पत्ता, कारण, सगळंच." शेट्यांनी अर्ज डोळ्यांजवळ धरला आणि मोठ्याने वाचलं, "'माझ्या बहिणीच्या जिवास धोका आहे किंवा कसे याची खात्री करणेकामी.' हे असं कुणी लिहिलं?"

लिहिलं होतं कोर्टाच्या भिंतीकडेला टाइपरायटर मांडून बसणाऱ्या एका म्हाताऱ्याने. सोमवारी मी त्याच्यापुढे बसून भडाभडा सगळं बोलले होते. तो म्हणाला होता, तिऱ्हाईत माणसाला नक्कल हवी तर सबळ कारण लागतं, प्रतिज्ञापत्र लागतं. मी बोलत गेले आणि तो टाइप करत गेला. आपण एका कागदाला नाही, तर थेट मुरलीधरलाच सांगतोय हे मला कोणी सांगितलं नव्हतं. मलाही सुचलं नव्हतं. अडाणीपणा, दुसरं काय.

आता थोडं मागचं सांगते. मी सुलोचना वायचळ. आमचं घर शिंप्याचं. पुढच्या खोलीत दुकान, मागे स्वयंपाकघर, मध्ये पडदा. आई लवकर गेली. अण्णा, मी आणि माझ्याहून नऊ वर्षांनी लहान रत्ना, एवढेच आम्ही. माझं लग्न राहून गेलं, त्याचं मला फार वाईट वाटत नाही. पण रत्नाचं चांगलं व्हावं असं मला फार होतं. मुरलीधर बिजवर होता. पहिली बायको स्टोव्हचा भडका होऊन गेली, असं त्यानेच सांगितलं. रेडिमेड कपड्यांचं दुकान, घरात दुसरं कुणी नाही, देणंघेणं काही नको म्हणाला. स्थळ अण्णांच्या ओळखीतलं. फार पूर्वी अण्णा त्याच्या गावी मशीन टाकून बसत, शनिवारी घरी येत. तेव्हाची ओळख. मला ते बरंच वाटलं होतं.

लग्नानंतरचा पहिला आखाड म्हणून रत्ना माहेरी आली. पंचमी झाली की मी न्यायला येतो, असं तो सांगून गेला. एका दुपारी मी तिच्या डोक्याला तेल लावत होते. ती सहज म्हणाली, "अक्का, हे दुकानात जाताना बाहेरून कडी घालून जातात."

"तू आत असताना?"

"हो. सवय आहे म्हणतात. शेजारच्या काकू म्हणाल्या, पहिलीच्या वेळीही हेच होतं, कोर्टात पण निघालं होतं ते."

"कोर्टात? कसलं कोर्ट?"

"मला काय माहीत. काकू लगेच आत गेल्या." मग ती जराशाने म्हणाली, "पण आपणच कशाला मनात आणायचं."

तिच्या डोक्यावरचा माझा हात तिथेच थांबला. रात्री जेवताना मी अण्णांना विचारलं, तर ते ताटावरून नजर न उचलता म्हणाले, "गप बस. नांदतीय ती. लोक काय वाटेल ते बोलतात." अण्णांचा स्वभावच भिडस्त. मी त्यांच्याशी पुन्हा बोलले नाही. बटणं आणि अस्तर आणायला जाते म्हणून सांगितलं आणि सोमवारी जिल्ह्याची एस.टी. धरली.

मी शूर बाई नाही. मी पालीला भिते, दार वाजलं तरी दचकते. कोर्टाच्या आवारात पहिल्यांदा शिरले तेव्हा कुठे जायचं तेही कळत नव्हतं. खटल्याचा नंबर माहीत नव्हता, साल माहीत नव्हतं. नुसतं नाव आणि गाव. शेट्यांनी "अंदाजे साल तरी सांगा" म्हणत तीन जाड रजिस्टरं माझ्यापुढे टाकली होती. दुपारी तीनला एका पानावर मला ते नाव सापडलं. सरकार विरुद्ध मुरलीधर विश्वनाथ अवसरे. निकाल, निर्दोष. अकरा वर्षांपूर्वीचा. ते सापडलं तेव्हा मला केवढा पराक्रम केल्यासारखं वाटलं होतं.

आणि आता गुरुवारी, त्याच खिडकीशी, शेटे म्हणत होते, "पाणी पिता का?"

मी मान हलवली. ते बाजूचं दार उघडून बाहेर आले आणि मला आतल्या बाकावर बसवलं. फडक्यात बांधलेल्या गठ्ठ्यांची रांग छतापर्यंत गेली होती. टेबलावर एक गठ्ठा सोडलेला होता.

"हीच ती फाईल," ते म्हणाले. "साहेबांनी हुकमाच्या आधी मागवली होती, म्हणून वर काढली. तुमचं नशीब म्हणा, पुढच्या वर्षी नष्ट करायच्या यादीत होती. आता अर्ज मागे घ्यायचा तर मला नंबर टाकावा लागेल." त्यांनी पहिलं पान उलटलं, दुसरं उलटलं, आणि एका यादीवर बोट ठेवून थांबले.

"तुमचं पूर्ण नाव काय म्हणालात?"

"सुलोचना दामोदर वायचळ."

"दामोदर गणपत वायचळ, धंदा शिवणकाम. हे तुमचे कोण?"

मी म्हटलं, "वडील."

शेट्यांनी रुमाल हनुवटीवरून काढून खिशात घातला. मग यादी माझ्याकडे सरकवली. सरकार पक्षाचे साक्षीदार. पाचवं नाव अण्णांचं. त्यापुढे लिहिलेलं, पंच क्रमांक दोन. आणि त्याच्यापुढे दुसऱ्या अक्षरात एकच शब्द. फितूर.

"म्हणजे काय हे?" मी विचारलं, तरी मला कळत होतं.

"म्हणजे सरकारतर्फे बोलवलेला साक्षीदार सरकारच्याच विरुद्ध बोलला." शेटे उठले. "मी चहा घेऊन येतो. कागदांना हात लावायचा नाही. नियम आहे. डोळे लावलेत तर ते मला दिसत नाही." जाताना त्यांनी पानं उलटून अण्णांची जबानी वर ठेवली.

मी वाचली. एकच पान होतं, हाताने लिहिलेलं. "मी टेलरिंगचा धंदा करतो. माझे दुकान पोलीस स्टेशनसमोर आहे. आता दाखवलेल्या पंचनाम्यावरील सही माझी आहे. त्यातील मजकूर मला माहीत नाही. मी घटनास्थळी गेलो नव्हतो. पोलिसांनी माझ्या दुकानात येऊन सही घेतली."

मला एकदम हायसं वाटलं. खोटं कशाला सांगू, रडूच आलं. कारण पोलीस स्टेशनसमोरच्या दुकानदारांचं असंच असतं. पंचनाम्याला दोन पंच लागतात. जागेवर जाऊन बघायचं, पोलिसांनी लिहिलेलं खरं आहे म्हणून खाली सही करायची. पण दर वेळी कोण जातो? हवालदार कागद घेऊन दुकानात येतो, वायचळमामा सही करा म्हणतो, मामा पायडल थांबवून सही करतात. अण्णांनी हे मला लहानपणी हसत हसत सांगितलं होतं. चोरीच्या सायकली, दारूचे कॅन, मारामाऱ्या, सगळ्यांवर त्यांची सही. बघायला एकदाही गेले नव्हते. मग हेही तसंच. अण्णांनी कोर्टात खरं तेच सांगितलं. त्यांना काहीच माहीत नव्हतं.

त्याखाली सरकारी वकिलाने विचारलेलं होतं. अशा प्रश्नांना कोर्टात उत्तर एकाच साच्यात लिहितात. "असे म्हणणे खरे नाही की, मी आरोपीस घाबरून खोटे सांगत आहे. असे म्हणणे खरे नाही की, मी पोलिसांसोबत आरोपीच्या घरी गेलो. असे म्हणणे खरे नाही की, मी माझ्या टेपने मोजमाप केले."

टेप? मी थांबले. नियम मोडून मी कागदाला हात लावला आणि पंचनामा शोधला. पिवळा पडलेला, चार पानी. सकाळी दहाची वेळ. घराचं वर्णन, भांड्यांचं वर्णन, स्टोव्हचं वर्णन. स्टोव्हमध्ये रॉकेल भरलेलं, टाकी शाबूत. मग हे. "स्वयंपाकघराचे दारास बाहेरून कडी आहे. दाराचे आतील बाजूस खालच्या फळीवर नखांचे ताजे ओरखडे दिसतात. सदरचे ओरखडे उंबऱ्यापासून किती उंचीवर आहेत, हे पंच क्रमांक दोन यांनी आपल्या गळ्यातील शिंपीकामाच्या टेपने मोजले असता साडेएकोणीस इंच भरले."

पोलीस फुटात लिहितात. बाकी सगळा पंचनामा फुटात होता. साडेएकोणीस इंच हे माझ्या अण्णांचं माप होतं. अर्ध्या इंचासाठी ते गिऱ्हाइकाला पुन्हा उभं करत. आणि साडेएकोणीस इंच म्हणजे किती, हे मला टेप न लावता कळतं. ती बाई उभी नव्हती. ती खाली पडून दार खरवडत होती आणि माझे वडील तिथे उंबऱ्याशी बसून ते मोजत होते.

शेटे चहा घेऊन आले तेव्हा मी पंचनामा होता तसा ठेवला होता. त्यांनी माझ्यापुढे अर्धा कप ठेवला.

"साक्षीदाराला स्वतःच्या जबानीची नक्कल सरळ मिळते," ते हळू म्हणाले. "वडिलांच्या सहीचा अर्ज आणला असता तर तिऱ्हाईत नाही, प्रतिज्ञापत्र नाही, नोटीस नाही. तुम्ही आधी घरी विचारायला हवं होतं, ताई."

"विचारलं होतं," मी म्हटलं.

परतीची एस.टी. दीड वाजता सुटली. दोन तासांचा रस्ता. प्रत्येक थांब्यावर मला वाटायचं, आता गाडी बिघडेल. मोटारसायकलवर बसलेला प्रत्येक माणूस मला मुरलीधर दिसत होता. त्याच्या गावाहून आमच्या गावाला यायला दीड तास लागतो. नोटीस काल मिळाली असेल तर तो काल निघाला असेल. काल का आला नाही मग? म्हणजे आज येणार. मी मनातल्या मनात कितीदा हा हिशेब केला कोण जाणे. शेजारच्या बाईने विचारलं, "बाई, बरं वाटत न्हाई का? वांती हुतीय का?" मी पदर तोंडाला लावला आणि हो म्हटलं, म्हणजे ती तरी गप्प बसेल.

आमच्या आळीच्या तोंडाशी आले आणि दारात त्याची राजदूत मोटारसायकल उभी दिसली.

माझे पाय तिथेच थांबले. मागे फिरून पळून जावं असं मला वाटलं, हे मी लपवत नाही. पण रत्ना आत होती. मी पिशवी छातीशी धरली आणि पायरी चढले.

तो गिऱ्हाइकांच्या बाकावर बसला होता. पांढराशुभ्र शर्ट, हातात चहाची बशी. अण्णा मशीनवर खाली मान घालून कुणाची तरी विजार शिवत होते. गरज नसताना मशीन जोरात चालत होतं.

"या अक्का," तो म्हणाला. "मिळाली का बटणं?"

त्याने बशी खाली ठेवली, वरच्या खिशातून घडी केलेला कागद काढला आणि कापडं कापायच्या फळीवर पसरला. माझा अर्ज. माझी सही.

"वाचायचं होतं तर मला मागायचं ना. माझ्याकडे सगळी फाईल आहे, वकिलाकडून घेऊन ठेवलीय. घरबसल्या दिली असती. उगाच कोर्टाच्या पायऱ्या झिजवल्या, तिकिटं लावली." आवाज अगदी गोड. "अण्णांना मी हा अर्ज वाचूनच दाखवला. ते म्हणाले, तिला कुणीतरी भरवलंय. मी म्हटलं, जाऊ द्या, घरातलंच माणूस आहे."

अण्णांनी मान वर केली नाही.

"पंचमी अजून व्हायची आहे," मी कसंबसं म्हटलं.

"पंचमी आमच्याकडे पण असते. रत्नाला न्यायला आलोय. बुधवारी कोर्टात म्हणणं द्यायचंय ना? ते तीच देईल. जिवाला धोका आहे का, हे तिलाच विचारायला पाहिजे की नाही? मी तिला नीट समजावून सांगतो घरी नेऊन." तो हसला. "रत्ना, आटप गं. ऊन आहे तोवर पोचू."

मी पडदा सारून आत गेले. रत्ना ट्रंकेपुढे बसून साड्यांच्या घड्या घालत होती. एकच साडी ती पुन्हा पुन्हा मोडत होती आणि घडी घालत होती.

"अक्का, असं का केलंस गं?" ती कुजबुजली. "आता घरी गेल्यावर..."

"घरी गेल्यावर काय?"

तिचे ओठ पांढरे पडले होते. तीन महिने ती आमच्यासमोर हसली होती, पत्रात सर्व कुशल म्हणून लिहिलं होतं, आणि मी तिची मोठी बहीण, मला काही दिसलं नव्हतं.

"जाऊ नकोस," मी तिचा हात धरून म्हटलं.

"अण्णा म्हणतात, जा."

मी तिचा हात सोडला आणि पुन्हा बाहेर आले. बाहेर येईपर्यंत काय बोलायचं ते मला माहीत नव्हतं. मी शिवायच्या कपड्यांच्या ढिगाला टेकून उभी राहिले. रस्त्यावरून पोरं शाळेतून घरी चालली होती. समोरच्या किराणावाल्याकडे दोन बायका तांदूळ निवडत होत्या. सगळं नेहमीचं चाललं होतं आणि मला वाटत होतं की आता पाच मिनिटांत माझी बहीण त्या गाडीवर मागे बसेल आणि मी तिला पुन्हा बघणार नाही.

"अण्णा," मी म्हटलं, "मी आज तुमची जबानी वाचली."

मशीन थांबलं.

"पंचनामा पण वाचला. दार तुम्ही मोजलंत ना?"

अण्णांचे हात विजारीवर तसेच राहिले. मुरलीधर मोठ्याने हसला. "अहो अक्का, ते सगळं कोर्टात होऊन गेलंय. न्यायाधीशांनी तपासून निकाल दिलाय. अण्णांनी शपथेवर सांगितलंय, ते आमच्या घरी आलेच नव्हते. हो ना अण्णा?"

अण्णा विजारीची शिवण बोटाने चाचपत राहिले.

"हो ना, अण्णा?" त्याने पुन्हा विचारलं. आवाज तेवढाच गोड होता, पण या वेळी तो बाकावरून थोडा पुढे सरकला. मी बघितलं, अण्णांचे खांदे आखडले. साठीच्या माणसाचे खांदे मार चुकवणाऱ्या पोरासारखे वर गेले होते. तेव्हा मला कळलं की हा माणूस माझ्या वडिलांना भीती कशी घालायची ते फार दिवसांपासून जाणतो.

"गेलो होतो," अण्णा म्हणाले.

"काय?"

"मी गेलो होतो तिथं." ते मशीनच्या चाकाकडे बघून बोलत होते. "फौजदारानं स्वतः नेलं. दार मीच मोजलं."

"कोर्टात तर तुम्ही..."

"खोटं बोललो. तुम्ही माझ्या दुकानात येऊन बसत होता. साक्षीच्या आधी आठ दिवस, रोज. बोलत काही नव्हता. नुसते बसत होता, असेच, बाकावर. मला दोन पोरी होत्या." अण्णांनी चाकावर हात ठेवला. "भिऊन बोललो. अजून भितो तुम्हाला. पण ती येणार नाही."

मुरलीधरने कागदाची घडी घातली, नीट, कडा जुळवून, आणि खिशात ठेवली.

"बरं. आपण तिलाच विचारू. रत्ना!"

पडदा हलला आणि रत्ना बाहेर आली. हातात ट्रंक नव्हती. मी तिच्या आणि त्याच्या मध्ये जाऊन उभी राहिले. तो उठला असता आणि त्याने मला बाजूला ढकललं असतं तर मी काय केलं असतं, मला माहीत नाही. कात्री हाताशी होती. मी त्या कात्रीकडे बघितलं होतं एवढं मला आठवतं.

पण रत्ना त्याच्याकडे बघतच नव्हती. ती अण्णांकडे बघत होती.

"अण्णा," ती म्हणाली, "माझं लग्न ठरवताना तुम्हाला हे माहीत होतं?"

"तो मागणी घालायला आला," अण्णा म्हणाले. "म्हणाला, तुमचे उपकार आहेत. मी नाही म्हणायला कारण काय देणार होतो, पोरी? मला काही माहीत नाही असं शपथेवर लिहून दिलेलं. नाही म्हटलं असतं तर त्याला कळलं असतं, मी अजून ते दार विसरलेलो नाही. मला वाटलं, अकरा वर्षं झाली. माणूस बदलतो. मला वाटलं..."

रत्ना ऐकत होती. तिच्या चेहऱ्यावर राग आला असता तर मला बरं वाटलं असतं. काहीच आलं नाही. ती मुरलीधरकडे वळली आणि म्हणाली, "मी येणार नाही." एवढंच. मग आत गेली.

मी दुकानाच्या दोन्ही फळ्या सताड उघडल्या आणि समोरच्या किराणावाल्याला हाक मारली, "काका, जरा इकडे या हो." काय कामासाठी ते मला सांगता आलं नसतं. पण तो आला, तांदूळ निवडणाऱ्या बायकाही उठून उभ्या राहिल्या. मुरलीधरने सगळ्यांकडे बघून हात जोडले, चांगल्या माणसासारखे. पायरी उतरताना मला म्हणाला, "बुधवारी भेटू, अक्का."

अर्ज मी मागे घेतला नव्हता; त्या बुधवारी मी गेले. अण्णाही आले. त्या खटल्याचं काही होणार नव्हतं, सुटलेला माणूस पुन्हा धरत नाहीत, पण पुढे घटस्फोटाच्या दाव्यात अण्णांनी दोन तास उभं राहून सगळं सांगितलं. त्याच्या वकिलाने त्यांना खोटारडा म्हटलं. अण्णा म्हणाले, हो. दीड वर्ष आम्ही भीतीत काढलं. कितीदा तरी ती राजदूत आळीच्या तोंडाशी उभी दिसायची, आणि आम्ही तिघं दुपारच्या उन्हात दार लावून बसायचो. मग तो गाव सोडून गेला, कुठे ते आम्ही विचारलं नाही.

रत्ना बालवाडीत शिकवायला लागली. अण्णा त्यानंतर चौदा वर्षं जगले. शेवटच्या दुखण्यात तिनेच त्यांचं सगळं केलं, भरवलं, पुसलं, रात्री उशाशी बसली. त्यांच्याशी कधी वाकडं बोलली नाही. अण्णा दर दिवाळीला तिच्यासाठी ब्लाउज शिवत, माप पाठ होतं त्यांना. ती हातात घेई, "छान झालंय" म्हणे, घडी घालून ट्रंकेत ठेवी. चौदा ब्लाउज मी नंतर मोजले, कोरे करकरीत. शिंप्याची मुलगी, पण ती आयुष्यभर बाजारातून तयार घेत राहिली, खांद्यावरून उतरणारे, काखेत काचणारे.